पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावरचा भरवसा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. स्टेशनापासून जवळच ‘मुक्ती’ या नावाने ओळखली जाणारी वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे उजाड माळ होता. पण १९०० साली त्याच माळावर सुमारे दोन हजार जीव आश्रयाला होते आणि रोज त्यांच्या पानात अन्न पडत होते. त्यांत बहुसंख्य होत्या त्या दुष्काळाच्या तडाख्यातून उचलून आणलेल्या मुली, विधवा आणि टाकलेल्या स्त्रिया. हा एवढा मोठा संसार जिने मांडला, तिच्याजवळ ना जहागीर होती, ना ठरलेले वर्षासन. उद्याचे धान्य कोठून येणार या प्रश्नाला देव पुरवील यापलीकडे तिच्यापाशी उत्तर नव्हते.

ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतची प्रकांड पंडिता, शारदा सदनाची संस्थापिका, आर्य महिला समाजाची जननी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या धर्मांतरावर झालेले वादही आपल्या वाचनात येतात. पण या लेखापुरता प्रश्न वेगळाच आहे. ज्या बाईच्या बुद्धीपुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकवली, तिने आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या बुद्धीच्या हिशेबावर विसंबणे का सोडले? हा भरवसा आंधळा होता काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्यांच्या बालपणाकडे वळावे लागते. कारण देवावर भार टाकून बसलेले एक घर उपाशी मरताना रमाबाईंनी फार लहान वयात पाहिले होते. ते घर त्यांचे स्वतःचेच होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान गृहस्थ. तरुणपणी पुण्यात विद्यार्जन करीत असता पेशव्यांच्या घराण्यातील स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले होते आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यायची असा निश्चय केला होता. पुढे पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी खरोखरच संस्कृत शिकवले. स्त्रीला देवभाषा शिकवणे हा त्या काळी अपराधच. समाजाचा रोष झाला तेव्हा शास्त्रीबुवांनी शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडली आणि मग अरण्यात घर बांधून ते राहिले. तेथेही अतिथी-अभ्यागतांचा राबता असे. दानधर्म आणि आतिथ्य यांपायी हळूहळू होते नव्हते ते सारे संपले. रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घातलेली ही तान्ही मुलगी माणसाच्या डोक्यावरून प्रवासाला निघाली, ती पुढची वीस वर्षे फिरतच राहिली.

देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे, श्रोते जे पुढ्यात टाकतील त्यावर निर्वाह करायचा, उरले तर दान करायचे असा या कुटुंबाचा क्रम होता. वडील वृद्ध झाले, त्यांची दृष्टी अधू झाली. तेव्हा रमेला शिकवण्याचे काम आईने हाती घेतले. पहाट होण्यापूर्वीच पाठ सुरू होई. अशा रीतीने हजारो श्लोक त्या मुलीच्या जिभेवर बसले. पण जमाखर्च, हातकाम, चार पैसे मिळवण्याची कला यांतले काहीच तिला कोणी शिकवले नाही.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला येणाऱ्यांनाच खायला मिळेना, मग पुराणिकाला कोण देणार? मोलमजुरी करणे हे या कुटुंबाच्या प्रतिष्ठेला साजेसे नव्हते आणि भीक मागण्याची सवय नव्हती. देव प्रसन्न होईल या आशेने त्यांनी व्रते केली, उपवास केले, तीर्थस्नाने केली, हाती होते ते दानात घातले. रमाबाईंनी पुढे आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत हे सारे विलक्षण संयमाने सांगितले आहे. शेवटी हे कुटुंब रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर तगून राहिले. वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. निरोपानिरोपी झाली. त्या घटकेला थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करीन, पण तुम्ही हे करू नका, असे त्याने वडिलांना विनवले. शास्त्रीबुवा थांबले; परंतु शरीर आधीच खचले होते. थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्यामागून काही काळाने आईही गेली. हा काळ १८७४ च्या आसपासचा. आईचे प्रेत उचलायला चौथा माणूस मिळेना म्हणून रमा स्वतः पुढे झाली. तिची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही मृत्यू पावली.

येथे क्षणभर थांबायला हवे. ज्या मुलीने पंधरा-सोळाव्या वर्षी हे पाहिले, तिचा देवावरचा विश्वास उडाला तर नवल कसले? आणि तसेच झाले. भाऊबहीण दोघे हिंदुस्थानभर पायी हिंडली. दोन हजार मैलांहून अधिक चाल झाली. उत्तरेकडील थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात अंग पुरायचे आणि वरून कोरडी वाळू ओढून घ्यायची, अशा रात्री त्यांनी काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा पाहिली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. बाहेर सन्मान वाढत होता, पण आतून श्रद्धेचा झरा आटला होता. जुन्या देवधर्मावर त्यांचे मन बसेना आणि नव्यावर स्थिरावेना.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी ही विदुषी कडेवर मूल घेतलेली विधवा झाली.

यानंतरच्या दहा वर्षांतल्या रमाबाई पाहिल्या की वाटते, आता या बाईने दैवावर काही सोडायचे नाही असेच ठरवले असावे. पुण्याला येऊन त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. पुस्तकाच्या पैशातून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. पण तेथे कान आडवे आले. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकत असतानाच त्या संस्कृत शिकवीतही होत्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याचा बोलबाला झाला आणि बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. दहा वर्षे खर्च भागवण्याचे वचन या संस्थेने दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनाची आखणी अगदी काटेकोर होती. पैशाची सोय दहा वर्षांची. वर देखरेखीला न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांची सल्लागार समिती. धर्माच्या बाबतीत तटस्थतेचे धोरण. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या येथल्याच आरंभीच्या विद्यार्थिनी. मानवी शहाणपणाने जितके करता येते तितके सारे येथे केलेले होते.

आणि तरी १८९३ साली ही घडी विसकटली. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली बसतात, यावरून वाद पेटला. ‘केसरी’ने कडक टीका केली. समितीतील थोरांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोणाचे किती बरोबर होते याचा निवाडा या लेखाचा विषय नाही. मुली सोडून जाणाऱ्या पालकांच्या मनातली भीती खरी होती आणि आपल्या घरात आपली प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्कही खरा होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की, ज्या माणसांच्या आधारावर इमारत उभी केली होती ते आधार एका वर्षात निघून गेले.

साधारण याच काळात रमाबाईंच्या वाचनात तीन चरित्रे आली. एक चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांचे, दुसरे दक्षिण समुद्रातील बेटांवर गेलेल्या जॉन पेटन यांचे आणि तिसरे इंग्लंडातील ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे. या म्युलरांनी हजारो अनाथ मुले वाढवली, पण कोणापुढे हात पसरला नाही. जी गरज असेल ती प्रार्थनेत देवापुढे मांडायची आणि वाट पाहायची, असा त्यांचा नेम होता. हे वाचून रमाबाईंच्या मनात प्रश्न आला की, इतर देशांत जो देव असा पुरवतो तो हिंदुस्थानात पुरवणार नाही काय? प्रश्न साधा आहे. पण अकरा दिवस पाला खाऊन राहिलेल्या मुलीच्या मनात तो पुन्हा उठावा, यात केवढे अंतर तोडले गेले असेल, याची कल्पना करावी.

तरीही त्यांच्यातली व्यवहारी बाई जागीच होती. असोसिएशनची दहा वर्षे संपत आली की सदनाचे कसे होणार, या विचाराने त्यांनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, संत्री, लिंबे, आंबे लावायचे आणि फळांच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभे करायचे, असा बेत होता. बेत अगदी शहाणपणाचा होता. पण झाडे लावल्याबरोबर फळे येत नाहीत.

याच सुमारास लोणावळ्याला भरलेल्या एका प्रार्थनामेळाव्यास रमाबाई गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात एकट्या बसून प्रार्थना करताना या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्यात, असे मागणे त्यांनी मागितले. तेव्हाच्या सदनात पन्नास-साठ मुलींचीच सोय होती. साहजिकच ही संख्या कोणत्याही हिशेबात बसणारी नव्हती.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाई अस्वस्थ झाल्या. आपण त्या भुकेतून गेलो आहोत, हे त्यांना विसरता येईना. पण जायचे कसे? असोसिएशनचा पैसा बालविधवांच्या शाळेसाठी होता. दुष्काळग्रस्तांसाठी जवळ फंड नव्हता, घर नव्हते, माणसे नव्हती. सुज्ञ माणसाने हिशेब मांडून गप्प बसावे अशीच ही वेळ होती. रमाबाई गेल्या. गावोगावच्या छावण्या आणि रस्त्याच्या कडेची हाडांची सापळेवजा माणसे त्यांनी पाहिली. अशा अवस्थेत सापडलेल्या तरुण मुलींना फसवून नेणारेही तेथे टपलेले होते. त्यांच्या तावडीतून सोडवून आणि भुकेतून उचलून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी पुण्याकडे आणल्या.

इकडे १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते. अधिकाऱ्यांनी एवढी गर्दी शहरात ठेवायला मनाई केली. मग जायचे कोठे? केडगावला! फळझाडांसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले. विहिरी झाल्या होत्या त्यांचे पाणी बागेऐवजी मुलींना मिळाले. उत्पन्नासाठी घेतलेला माळ अशा रीतीने आसरा ठरला. रमाबाईंच्या बुद्धीने जमीन घेतली हे खरेच. पण ती कशासाठी घेतली जात आहे हे त्या बुद्धीलाही ठाऊक नव्हते. लोणावळ्याला मागितलेला आकडा लवकरच मागे पडला.

१८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपला. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, तेथे नव्याने संघटना उभी राहिली आणि मित्रांची मदत चालू राहिली. परंतु मुक्तीचा वाढता पसारा कोणत्याही ठरलेल्या रकमेवर अवलंबून राहिला नाही. कधी ओळखीच्या, कधी सर्वस्वी अनोळखी माणसांकडून येईल त्या मदतीवर तो चालू लागला. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीतल्याच मोठ्या मुली आणि कार्यकर्त्या तिकडे गेल्या आणि तेराशेहून अधिक जणींना घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः हाडांचे सापळे होत्या, त्याच आता दुसऱ्यांना उचलून आणीत होत्या. त्या वर्षी केडगावातही पाऊस नव्हता. चरित्रकार सांगतात की संध्याकाळी विहिरींचा तळ दिसे आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी पुन्हा झिरपलेले असे. विहिरीला झरा असला की असे घडते, असे कोणी म्हणेल आणि ते चूकही नाही. पण रोज रात्री कोरडा तळ पाहून झोपायला आणि पहाटे दोन हजार माणसांसाठी पोहरा सोडायला काय लागते, हा प्रश्न तरीही उरतोच.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. वडिलांचा भरवसा आणि मुलीचा भरवसा यांत फरक काय? दोघांनीही देवावर भार टाकला. एक घर संपले, दुसरे वाढले. याचे कारण एका धर्मात शोधून दुसऱ्याला उणे लेखणे सोपे आहे. पण ते खरे उत्तर नव्हे. शास्त्रीबुवांचा त्याग कोणाहून कमी नव्हता आणि पत्नीला विद्या देणारा तो पुरुष आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होता. फरक असा की, त्या घरात देवावरच्या भरवशाने हातांना काम करू दिले नाही. श्रीनिवासाने मजुरी करीन म्हटले, पण फार उशिरा म्हटले. रमाबाई तो क्षण जन्मभर विसरल्या नसाव्यात. मुक्तीत प्रार्थना होती तशी हातमागही होते. शेती होती, गाईगुरे होती, तेलघाणा होता, शिवणकाम होते, छापखाना होता. अक्षरे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुलीच करीत. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींसाठी वर्ग चालू झाला. बोटांनी वाचणाऱ्या त्या मुली इतरांना शिकवू लागल्या. विद्या तर होतीच, पण केवळ विद्येवर पोट भरत नाही हे ज्या बाईने भोगले होते, तिने एकाही मुलीला हातकामाविना ठेवले नाही. भरवसा उद्याच्या भाकरीचा, आणि मेहनत आजची, असा हा संसार होता.

दुसरा एक आक्षेपही विचारात घ्यायला हवा. मदत शेवटी माणसांनीच पाठवली. मुक्तीचे वृत्तांत प्रसिद्ध होत, ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे इंग्रजी नियतकालिक परदेशी जाई आणि ते वाचून लोक पैसे धाडीत. मग देवाने पुरवले असे का म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. रमाबाईंनाही हे ठाऊक होते. धान्य आभाळातून पडते असे त्यांनी कधी मानले नाही. पण तीनशे मुली आणताना, तेराशे आणताना यांतले काहीच हाती नव्हते. आधी दार उघडले, मग धान्य आले. आधी धान्याची कोठारे भरून मग दार उघडायचे ठरवले असते तर तीनशेंपैकी किती जिवंत राहिल्या असत्या? मनुष्याची बुद्धी आहे त्याची बेरीज करू शकते. जे अजून आलेले नाही त्याची बेरीज तिला करता येत नाही. तेथे जे पाऊल पडते त्याला रमाबाई विश्वास म्हणत.

बुद्धीचा त्याग मात्र त्यांनी केला नाही. उत्तरायुष्यातले त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे बायबलचे सोप्या मराठीत केलेले भाषांतर. त्यासाठी वाढत्या वयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे त्यांच्या हातचा मळ होता. पण मुक्तीतल्या खेडवळ, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी साधी भाषा निवडली. ज्या विद्येने सरस्वती म्हणवले ती विद्या अशी त्यांनी वाकवली. काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी, आपल्यामागे संस्था सांभाळील अशी वाटणारी. हाही एक मानवी हिशेब चुकला. रमाबाईंनी पुन्हा मुद्रिते पुढे ओढली. शेवटची मुद्रिते तपासून होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ छापून पुरा झाला तो १९२४ मध्ये.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या नावे तिकीट काढले. केडगावची मुक्ती त्यांच्यानंतरही चालू राहिली आणि आजही चालू आहे. रमाबाईंच्या धर्मविचाराशी आपण सहमत असू वा नसू, पण आपल्या विद्यार्थिदशेत त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपण शिकतो ते हिशेब मांडायला. आणि तो मांडलाच पाहिजे. रमाबाईंनीही जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली. पण दाराशी भुकेलेले मूल उभे राहिले तेव्हा हिशेब पुरा होईपर्यंत त्यांनी त्याला बाहेर थांबवले नाही. लहानपणी ज्या दारांवरून त्या उपाशी परतल्या होत्या, त्यांतले एखादे दार असे उघडते, तर कदाचित त्यांच्या आईची तिरडी त्या मुलीला डोक्यावर घ्यावी लागली नसती.